सगळ्या समित्यांचा भागोजी

कासारगाव नावाचं एक गाव होतं आणि त्या गावात भागोजी नावाचा एक भोळा माणूस राहत होता. अंगाने धट्टाकट्टा, कामाला वाघ, आणि सांगितलेलं कधी न विसरणारा. सगळा घोटाळा इथेच होता. बाकीच्या भोळ्या माणसांना काल सांगितलेलं आज आठवत नाही, त्यामुळे त्यांचं निभावून जातं. भागोजीला सगळं आठवायचं. एकदा कानावर पडलेली गोष्ट तो मनात अशी पक्की बसवायचा, की ती पुन्हा कुठेतरी वापरल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

आधी तो पिठाच्या गिरणीत होता. गिरणीवाल्याने सांगितलं, "डबा भरला की दोनदा आपटून घ्यायचा, म्हणजे पीठ नीट बसतं." भागोजीने ते मनात बसवलं. मग तो दूध डेअरीत लागला आणि तिथे त्याने भरलेल्या किटल्या आपटून घेतल्या. त्यानंतर तो बांगड्यांच्या दुकानात गेला. तिथलं काही सांगत नाही.

त्याची बायको गोदा फार सोशीक, पण सोसण्यालाही सुमार असतो. ती म्हणाली, "आवो, गावात आता एकच जागा ऱ्हायलीया जिथनं तुमाला हाकललं न्हाई. तीबी गेली, तर मी कुनाकुनाला तोंड दावू?"

ती एक जागा म्हणजे बारव अभ्यास मंडळ.

कासारगावाबाहेर एक जुनी पायऱ्यांची विहीर आहे. तिला बारव म्हणतात. तिच्या नादी लागलेली काही शहाणी माणसं एकत्र आली आणि त्यांनी मंडळ काढलं. कुठल्या गावात कसली बारव आहे, किती खोल आहे, कुणी बांधली, यावर ती निबंध लिहायची आणि मग त्यावर भांडायची. मंडळ लहान होतं, पण कारभार मोठ्या घरचा. एकट्याने सगळं केलं तर तो डोक्यावर बसतो, आणि सगळ्यांनी सगळं करायचं म्हटलं तर काहीच होत नाही. म्हणून त्यांनी कामं वाटून टाकली होती. निबंध तपासायला एक समिती, पाहुण्यांच्या स्वागताला एक, ग्रंथालयाला एक, जेवणाला एक, व्याख्यानांना एक. आणि एक पथ्य सगळे कटाक्षाने पाळायचे. दुसऱ्याच्या समितीत नाक खुपसायचं नाही. तिथे काय चाललंय ते विचारायचं नाही आणि आपल्याकडे काय चाललंय ते सांगायचं नाही. त्यामुळे मंडळात मोठी शांतता होती.

मंडळाच्या चिटणीस सुलभाताई निफाडकर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. त्यांनी भागोजीला ठेवून घेतलं. म्हणाल्या, "हे बघ, इथे प्रत्येकाला आपापलं काम आहे. तुला मात्र सगळ्यांचं काम आहे. वार्षिक सभेपर्यंत बघू. सभेत तुला कायम करायचा ठराव मी मांडेन. पण आमचा नियम कडक आहे. माणूस कायम करायचा तर सगळ्यांची संमती लागते. सभेला हजर असलेल्या एकाचाही विरोध झाला की ठराव पडला."

"व्हय ताई," भागोजी म्हणाला. 

घरी गोदाने हे ऐकलं आणि ती काळजीत पडली. एवढ्या शहाण्या माणसांत एकही जण विरोध करणार नाही, हे कसं व्हायचं? ती म्हणाली, "कुनाला दुखवू नका. जो जे सांगंल ते ध्यानात ठिवा."

हे तिने सांगायला नको होतं.

पहिलं काम निबंधांचं निघालं. सभेत वाचायचे निबंध गावोगावहून आले होते. भागोजीने ते आले तसे उचलले आणि परीक्षण समितीच्या सोहनी सरांपुढे नेऊन ठेवले. सरांनी वरचा निबंध पाहिला. त्यावर त्यांच्या मेव्हण्याचं नाव होतं. मेव्हण्याशी त्यांचं एका आंब्याच्या झाडावरून बिनसलेलं होतं. सरांनी डोळे गच्च मिटून घेतले.

"अरे, नाव झाकून आणायचं असतं," ते डोळे मिटूनच म्हणाले. "कुणाचं आहे हे कळलं की माणूस पक्षपात करतो. नावावर कागद चिकटवायचा, आणि मगच पुढे आणायचं. कुणी विचारलं तरी नाव सांगायचं नाही. कुणी म्हणजे कुणीच."

भागोजीने सगळ्या निबंधांवरच्या नावांना खळ लावून कागद चिकटवले. सर खूश झाले. भागोजीने ती गोष्ट मनात पक्की बसवली.

सभेच्या आदल्या दिवशी अध्यक्ष म्हणून अण्णासाहेब कोठावळे यायचे होते. ऐंशीच्या घरातले थोर अभ्यासक. हयातभर बारवांच्या पायऱ्या मोजत फिरलेले. स्वागत समितीचे बापू जंगम यांचं कापडाचं दुकान होतं. त्यांनी पुठ्ठ्यावर अण्णासाहेबांचं नाव ठसठशीत अक्षरांत लिहिलं, भागोजीच्या हातात ती पाटी नि एक हार दिला, आणि सांगितलं, "एसटी स्टँडवर उभा राहा. अण्णासाहेब उतरले की हार घाल आणि दुकानावर घेऊन ये."

भागोजीने पाटी पाहिली. नाव उघडं होतं. बापूंसारखा जाणता माणूस, पण झाकायचं विसरला, असं त्याच्या मनात आलं. स्टँडवर जाईपर्यंत त्याने नावावर कागद चिकटवला आणि कोरी पाटी छातीशी धरून उभा राहिला.

गाडी आली. एक काठी टेकत चालणारे म्हातारे गृहस्थ उतरले आणि पाटीसमोर थांबले.

"काय हो, ही पाटी कुणासाठी?"

"ते सांगता येत न्हाई."

"का बरं?"

"नाव कळलं की मानूस पक्षपात करतो."

म्हाताऱ्याने थोडा विचार केला. "खरं आहे तुमचं," ते म्हणाले आणि रिक्षा करून निघून गेले. ते अण्णासाहेब होते.

त्यांच्या मागोमाग एक घोंगडीवाला उतरला. त्याला वाचता येत नव्हतं, त्यामुळे कोरी पाटी आणि लिहिलेली पाटी त्याला सारखीच. "मला न्यायला आलाय का?" त्याने विचारलं.

"आसंल. फकस्त नाव सांगू नका."

भागोजीने त्याला हार घातला आणि दुकानावर नेलं. बापूंनी त्याला लोडाला टेकून बसवलं, पोहे दिले, चहा दिला, आणि अदबीने विचारलं, "आमच्या बारवेबद्दल आपलं काय मत?" घोंगडीवाला म्हणाला, "पानी ग्वाड हाय." बापूंना हे फार मार्मिक वाटलं. पाहुण्याने गाठोडं सोडून बापूंना एक घोंगडी विकली, तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला.

बापूंनी कपाळावर हात मारला. पण बोलणार कुणाला? ही गोष्ट बाहेर गेली असती तर स्वागत समितीचीच शोभा झाली असती. ते भागोजीला एवढंच म्हणाले, "अरे, येणाऱ्याचं नाव लपवायचं नसतं, गाजवायचं असतं. दारात माणूस दिसला की पुढे व्हायचं. गळ्यात हार, हातात नारळ, आणि चारचौघांत मोठ्याने सांगायचं, कोण आलेत आणि काय मोठं काम करून आलेत. येणाऱ्यावर चोरासारखं आत शिरायची पाळी येता कामा नये." आणि त्यांनी उद्यासाठी म्हणून आणलेल्या हारानारळांची पिशवी त्याच्याकडे सांभाळायला दिली.

भागोजीने तेही मनात पक्कं बसवलं, आणि पिशवी घेऊन ग्रंथालयात आला.

ग्रंथालय समितीचे दीक्षित मास्तर पाहुण्या अभ्यासकांना कपाटं दाखवत होते. बारवांच्या मोजमापांचं एक जुनं, दुर्मिळ पुस्तक कित्येक वर्षांपासून गायब आहे, कुणी नेलं काही पत्ता नाही, असं सांगताना ते डोळे पुसत होते. नेमक्या त्याच वेळी मागचं दार हळूच उघडलं. मंडळाचेच सभासद वकील दिघावकर चपला हातात घेऊन, बगलेत काहीतरी दडवून आत शिरत होते. ते तेच पुस्तक होतं. सभेच्या गडबडीत ते कपाटात सरकवून निघून जावं, एवढाच त्यांचा बेत होता.

भागोजीला फार वाईट वाटलं. बापूंनी जे होता कामा नये म्हटलं, तेच झालं होतं. तो धावत गेला, वकिलांच्या गळ्यात हार घातला, हातात नारळ दिला, आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "वकीलसाहेब आलेत! लई मोठं काम करून आलेत! मास्तर ज्याच्यापायी रडत हुते, ते पुस्तक घिऊन आलेत!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. काहींनी टाळ्याही वाजवल्या, कारण हार दिसला की टाळ्या वाजवायची सवय असते. वकीलसाहेब हारासकट, नारळासकट आणि चपलांसकट आले तसे निघून गेले. पुस्तक तेवढं राहिलं.

मास्तरांना हसावं की रडावं कळेना. त्यांनी पाहुण्यांना हात जोडून सांगितलं, इथलं इथेच राहू द्या. मग भागोजीला बाजूला घेतलं. "अरे बाबा, परत आणणाऱ्याला हार घालतात का? इथे दोनच गोष्टी बघायच्या. आधी नेलेलं परत आलं का? आलं असेल तरच दुसरं द्यायचं. आणि परत आलेलं उलटसुलट करून तपासायचं, कुठे डाग पडलाय का, कुठे फाटलंय का. समोरचा कितीही मोठा असो, नियम सगळ्यांना सारखा."

भागोजीने मान डोलावली. ही शिकवण त्याला सगळ्यांत आवडली, कारण ती सोपी होती.

दुसरा दिवस सभेचा. दुपारी पाहुण्यांची पहिली पंगत बसली. मंडळाची बाकीची माणसं सभागृहात सतरंज्या घालत होती, त्यामुळे पंगतीवर भोजन समितीच्या इंदूवहिनींचीच देखरेख होती. श्रीखंड-पुरीचा बेत होता. भागोजीच्या हातात पुऱ्यांची परात दिली होती. पहिली फेरी झकास झाली. दुसऱ्या फेरीला तो अण्णासाहेबांच्या पानापाशी आला.

"एक पुरी वाढा," अण्णासाहेब म्हणाले.

"आधीची परत आना."

"आधीची कुठली?"

"मगा नेली ती."

"ती मी खाल्ली."

"मग दुसरी मिळायची न्हाई. नियम समद्यांना सारखा."

अण्णासाहेबांनी हयात पायऱ्या मोजण्यात घालवली होती. पुऱ्यांचे नियम त्यांना ठाऊक नव्हते. ते निमूटपणे भाताकडे वळले. त्यांच्या शेजारचे गृहस्थ मात्र चतुर होते. त्यांनी पानातली उरलेली अर्धी पुरी उचलून पुढे केली. भागोजीने ती उजेडात धरून उलटसुलट पाहिली.

"ही फाटलीया," तो म्हणाला. "आन् डाग बी पडलाय."

परात भरलेली राहिली आणि पंगत अर्धपोटी उठली. आपल्या समितीच्या जेवणाचं हे असं झालेलं पाहून इंदूवहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी भागोजीला स्वयंपाकघरात नेलं. "भाऊ, माणूस जेवायला बसला की हात आखडायचा नसतो रे. तो नको म्हणाला तरी ते खरं धरायचं नाही. आग्रह करायचा. एवढंसंच घेतलंत, आणखी थोडं, माझी शपथ आहे, असं म्हणायचं. पुरे पुरे म्हणणाऱ्याच्या मनात अजून असतंच."

भागोजीला आपल्या निष्ठुरपणाची लाज वाटली. त्याने तेही मनात पक्कं बसवलं.

दुपारी अण्णासाहेबांचं भाषण सुरू झालं. व्याख्यान समितीचे डॉक्टर ठोंबरे व्यासपीठाच्या कडेला घड्याळ धरून बसले होते, आणि भागोजी पाण्याचा तांब्या घेऊन अण्णासाहेबांच्या मागे उभा होता. अण्णासाहेब विद्वान खरे, पण त्यांचं भाषण म्हणजे प्रत्येक बारवेत पायरी पायरीने उतरायचं आणि पायरी पायरीने वर यायचं. श्रोत्यांच्या माना कलायला लागल्या. अखेर ते म्हणाले, "असो. मी आता आपला अधिक वेळ घेत नाही. पुरे करतो." सभेचा जीव भांड्यात पडला. काही जणांनी चपला शोधायला सुरुवातही केली.

अण्णासाहेब पाणी प्यायला वळले. भागोजीने तांब्या पुढे केला आणि हळूच म्हणाला, "एवढंसंच बोललात?"

अण्णासाहेब चमकले. "कमी झालं का?"

"आनखी थोडं हुंद्या. माजी शपथ हाय."

आजवर अण्णासाहेबांना पुष्कळांनी आवरतं घ्यायला सांगितलं होतं. आणखी बोला, असं आयुष्यात कुणी म्हटलं नव्हतं. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. ते पुन्हा माइककडे वळले आणि पुढच्या जिल्ह्यातल्या बारवा त्यांनी हाती घेतल्या.

सभेला वाटलं, म्हातारा आपल्या मनानेच पुन्हा सुरू झाला. भागोजीची करामत फक्त ठोंबऱ्यांना दिसली. भाषण एकदाचं संपल्यावर त्यांनी त्याला चहाच्या टेबलामागे गाठलं. ते रागाने तांबडेलाल झाले होते.

"अरे, सगळ्यांना हो हो काय करत बसतोस? सभा आहे ही. इथे चुकीचं काही कानावर आलं तर ताडकन उभं राहायचं आणि स्पष्ट म्हणायचं, माझा विरोध आहे. का आहे, तेही सगळं सांगायचं, काही पोटात ठेवायचं नाही. मग समोर कुणीही असो. आपल्या कितीही जवळचा असो. भीड धरायची नाही."

"आपल्या जवळचा आसला तरी?"

"तरी."

भागोजीने ते मनात पक्कं बसवलं. 

चहानंतर कामकाज सुरू झालं. ठरावामागून ठराव झाले. सगळ्यांत शेवटचा ठराव भागोजीचा होता. गोदा बाहेर ओसरीवर पेढ्यांचा पुडा मांडीवर घेऊन बसली होती. आत जायचा तिला धीर होत नव्हता.

सुलभाताई उभ्या राहिल्या. त्यांनाही धाकधूक होती. पण गंमत अशी झाली होती, की मंडळाचं पथ्य भागोजीच्या कामी आलं होतं. प्रत्येक समितीच्या वाट्याला त्याची एकच चूक आली होती आणि ती तिने पोटात घातली होती. समज दिल्यावर त्या समितीत ती चूक त्याने पुन्हा केली नव्हती. तेव्हा जो तो मनाशी म्हणत होता, माणूस एकदा चुकला, पण सांगितलेलं ऐकतो. असा माणूस मिळायचा कुठे?

"सर्व समित्यांचं मत चांगलं आहे," सुलभाताईंनी वाचलं. "किरकोळ एखादी चूक सोडली, तर भागोजीच्या कामात काहीही उणं आढळलेलं नाही. त्याला कायम करावं."

"माझं अनुमोदन," अध्यक्षांच्या खुर्चीवरून अण्णासाहेबच म्हणाले. अध्यक्षाने अनुमोदन द्यायचं नसतं, पण त्यांना कोण अडवणार? "असा श्रोता मी पाहिला नाही. कुणाचा विरोध?"

सुलभाताईंनी चोरट्या नजरेने वकील दिघावकरांकडे पाहिलं, कारण प्रत्येक ठरावात खोट काढायची त्यांना सवय होती. वकीलसाहेब तोंड उघडणार असं वाटलं. पण विरोध करायचा तर कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण सांगायचं तर पुस्तक निघालं असतं. ते छताकडे पाहत नुसतेच खाकरले.

सुलभाताईंनी सुटकेचा श्वास सोडला. अण्णासाहेबांनी ठराव संमत झाल्याचं सांगायला तोंड उघडलं.

"माजा इरोध हाय," मागून आवाज आला.

भागोजी ताडकन उभा राहिला होता.

"तुझा?" सुलभाताई म्हणाल्या. "अरे, ठराव तुझाच आहे. खाली बस."

"जवळचा मानूस आसला तरी भीड धरायची न्हाई," भागोजी म्हणाला. डॉक्टर ठोंबऱ्यांनी मान खाली घातली. "ताई, तुमी म्हनला येखादी चूक. ते चुकीचं हाय. येखादी न्हाई."

आणि त्याने काही पोटात ठेवलं नाही. स्टँडवरची कोरी पाटी सांगितली, घोंगडीवाला सांगितला आणि बापूंनी त्याला बारवेबद्दल काय विचारलं तेही सांगितलं. वकीलसाहेब कुठल्या दाराने आले आणि काय घेऊन आले ते सांगितलं. पुरी का दिली नाही ते सांगितलं. भाषण कुणी लांबवलं ते सांगितलं. तेवढ्यावर न थांबता डेअरीतल्या किटल्या सांगितल्या आणि बांगड्यांचं दुकानही सांगितलं.

मंडळ स्थापन झाल्यापासून सगळ्या समित्यांचा कारभार एका वेळी सगळ्यांना कळला तो असा, पहिल्यांदाच. दीक्षित मास्तरांनी बापूंना घोंगडी केवढ्याला पडली ते विचारलं. बापूंनी मास्तरांना पुस्तकाचं विचारलं. पाहुणे इंदूवहिनींकडे बघायला लागले, आणि सगळी सभा ठोंबऱ्यांकडे. मग कुणीतरी एक जण फिस्सकन हसला, आणि बघता बघता हसून हसून सगळ्यांची पोटं दुखायला लागली. अण्णासाहेब तर काठी आपटून हसत होते.

हसू ओसरल्यावर सुलभाताई डोळे पुसत म्हणाल्या, "भागोजी, विरोध मागे घे बाबा. इथे कुणालाच तू नकोसा नाहीस."

"ताई, तुमाला मी नको आसतो तर येक येळ मागं घेतलाबी आसता," भागोजी म्हणाला. "पर तुमी समदे जवळची मानसं. तुमची भीड कशी धरू?"

नियम तो नियम. ठराव पडला.

भागोजी ओसरीवर आला. आतलं हसणं ऐकून गोदाला वाटलं होतं, काम फत्ते झालं. तिने पुड्याचा दोरा सोडलाही होता.

"झालं न्हवं?" तिने विचारलं.

"न्हाई. ठराव पडला."

"आगं बया. समदे हासत हुते की. किती जनांनी इरोध केला?"

"येकानंच."

गोदा उभी राहिली. तिने पेढ्यांचा पुडा खाली ठेवला आणि पदर खोचला. "कोन मेला त्यो? त्याचं नाव सांगा मला. आत्ताच्या आत्ता बगते त्याच्याकडं."

भागोजीने इकडे तिकडे पाहिलं, आणि तिच्या कानाशी तोंड नेलं.

"नाव सांगायचं नसतं," तो म्हणाला. "नाव कळलं की मानूस पक्षपात करतो."